पहिल्या हाकेला ओ

कॉम्प्युटर म्हणजे आजकालच्या पोरांचं काम, असं कुणी म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, तुमचे आईबाप शाळेत पाटी फोडत होते तेव्हा मी त्या यंत्राच्या पोटात हात घालून बसलो होतो. साठीच्या दशकाची अखेर असेल. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत खोलीभर पसरलेलं एक यंत्र होतं, आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात जी दहा-बारा घरांची वाडी आहे, तिथला मी त्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. लागलो होतो खरा कार्डं पंच करण्याच्या विभागात. गणित बरं दिसलं म्हणून साहेबांनी एक वर्षाच्या बोलीवर यंत्राच्या गटात उचललं. जमलं तर कायम, नाही तर परत पंचिंगच्या टेबलावर. ते वर्ष आता भरत आलं होतं.

माझ्याकडे काम होतं हाकांचं. म्हणजे काय ते सांगतो, घाबरू नका. यंत्र आपलं गणित करत बसलेलं असतं. मध्येच टेप वाचणारं उपकरण म्हणतं, 'अक्षर वाचून तयार आहे, घेऊन जा.' छापणारं म्हणतं, 'माझी ओळ संपली, पुढची द्या.' अशा वेळी हातातलं काम टाकायचं, पण टाकण्याआधी आपण कुठवर आलो होतो आणि हातात कोणते आकडे होते ते बाजूला लिहून ठेवायचं, हाक मारणाऱ्याचं बघायचं, परत यायचं आणि जणू उठलोच नव्हतो असं पुढे चालू करायचं. इंग्रजीत त्या हाकेला इंटरप्ट म्हणत. यंत्राचा सगळा कारभार बघणारा एक प्रोग्रॅम कायम आत बसलेला असे, सुपरवायझर म्हणायचे त्याला. त्या सुपरवायझरच्या दारावर उभा राहून हाका घेणारा जो तुकडा, तो माझा. माझ्या हातचं पहिलं स्वतंत्र काम! सगळ्यांच्या हाका त्या एकाच दारातून आत यायच्या.

सुरुवातीला एक वैताग होता. खोली थंड ठेवणाऱ्या मशीनचा कॉम्प्रेसर सुरू झाला की तारांना उगाच झटका बसे आणि यंत्राला वाटे, कुणीतरी हाक मारली. ते बिचारं काम टाकून जाई, तिथं कोणीच नसे, आणि येताना कचरा, म्हणजे भलतेच आकडे, उचलून आणी. मी उपाय काढला. पहिली हाक आली तर नुसती नोंद घ्यायची आणि आपल्या कामाला लागायचं. तीच हाक पुन्हा आली तर मात्र उठायचं. छापणारं काय, वाचणारं काय, त्यांच्याकडे लक्ष देईपर्यंत ती हाका मारतच राहत. झटका मात्र दोनदा येत नसे. कचरा एका दिवसात बंद झाला. साहेब खूश! म्हणाले, "हे सुचलं कसं हो तुम्हाला?" मी म्हटलं, "सुचलं." मला तरी कुठं ठाऊक होतं!

मग वीज आडवी आली. वीज क्षणभर गेली की चालू गणित बुडायचं आणि पहिल्यापासून करावं लागायचं. खरं तर त्यावर तोड होती. वीज जायला लागली की यंत्राला एक इशारा मिळे. पापणी लवायलाही जास्त वेळ लागेल इतका अवधी उरे, पण यंत्राला तो पुष्कळ. तेवढ्यात हातातले आकडे लिहून ठेवायचे; तिथली मेमरी विजेशिवायही लिहिलेलं विसरत नसे. वीज आली की पुढे चालू. पण होत काहीच नव्हतं. यंत्राची वायरिंग बघणारा एक पुण्याचा मित्र होता माझा. त्यानं उपकरणं लावून दाखवून दिलं. म्हणाला, "इशारा तुझ्या दारापर्यंत येतोय बाबा. आत काय होतं ते तू बघ." तीन आठवडे बघितलं. प्रत्येक ओळ तोंडपाठ झाली आणि प्रत्येक ओळ बरोबर दिसत होती. स्वतःच लिहिलेलं ना ते!

शेवटी साहेबांनी बोलावलं. "हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी समिती यायची आहे. तोवर जमलं तर उत्तम. नाही तर हा तुकडा काढून टाकू. यंत्र पूर्वीसारखं एकेकाला पाळीपाळीनं विचारत बसेल. आणि मग तुमचंही..." पुढचं ते बोललेच नाहीत. बोलायला कशाला हवं होतं! वर म्हणाले, "आठ दिवस घरी जा. यंत्राचं तोंड बघू नका. डोकं शांत झालं की दिसेल." मी छापील कागदांची चवड पिशवीत कोंबली आणि एस.टी. पकडली.

मार्गशीर्ष होता. झोडणी उरकली होती, घरात नव्या तांदळाचा वास. वाडीत आई आणि काका. वडील मी पाच वर्षांचा असताना गेले, तेव्हापासून घर काकाचंच. ओटीवर मी तो कागद उलगडला, तर तो पार पायरीपर्यंत गेला. आई चुलीपुढून उठून बघायला आली.

"एवढा लांब कागूद कसला रे? जमिनीचा हाय काय?"

"नाय गो आये, यंत्राचा हाय." आणि मी तिला समजावायला बसलो. "आता बघ, तू भाकरी भाजतेस. मधीच वासरू वरडलं. तू काय करशील?"

"तवा खाली उतरवीन, वासरू बघीन, परत येऊन तवा चढवीन."

"तेच हितं लिवलंय."

"ह्या एवढ्या कागदावर?" आई म्हणाली. "आनि त्याचा पगार देतात?"

माझ्या वर्षभराच्या कामाची अशी वासलात! वर तिनं वाडीभर सांगितलं की पोरगा यंत्राच्या हाका ऐकतो. दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी आजारी शेळी घेऊन दारात हजर. हाका ऐकणारा म्हणजे देवऋषी, एवढंच तिला कळलेलं. मी नाही नाही म्हणत असतानाही तिनं शेळीच्या कपाळाला माझा हात लावून घेतलाच. शेळी बरी झाली, हे वाईट झालं. तिसऱ्या दिवशी एक कोंबडा आला.

गुरुवारी काका सकाळीच पोलादपूरला गेला, मीठ आणायला आणि लोहाराकडून नांगराचा फाळ शेवटून, म्हणजे ठोकून धार करून घ्यायला. दिवेलागणीला मी ओटीवर कागद घेऊन बसलो होतो, आई कंदिलाची काच पुसत होती. तेवढ्यात खालून, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या अंगानं, हाक आली.

"ओऽऽऽ!"

एकच.

आमच्याकडे दिवे लागल्यावर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील, तिसऱ्यांदाही मारील. जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. हे कुणी शिकवत नाही. पोर रांगायला लागलं की त्याला ठाऊक असतं. आईनं काच पुसता पुसता बोट वर केलं. मी तोंड मिटून बसलो. दुसरी हाक आली नाही. "बघ, कोन नव्हताच," आई पुटपुटली आणि कंदील लावून आत गेली. मी पुन्हा कागदात डोकं घातलं.

भात शिजायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. शेजारचा म्हशी घेऊन वर आला आणि अंगणातूनच ओरडला, "गो वैनी, तुमचा म्हातारा पऱ्यातल्या धोंडीवर बसलाय! पाय मुरगाळलाय. मी म्हनलं चल, तर हलंना. म्हनतो, हाक मारलीय, घरचं येतील."

मी कंदील घेऊन उतरणीवरून धावतच सुटलो. काका धोंडीवर ताठ बसला होता. घोटा टम्म सुजलेला, मिठाची पुरचुंडी भिजू नये म्हणून मांडीवर घेतलेली आणि चेहरा असा की कंदिलाची गरज नव्हती.

"हाक मारली व्हती मी."

"एकच मारलीस," मी म्हटलं.

"मंग किती मारायच्या? मी काय भिकारी हाय दारोदार वरडाया?"

मी त्याला पाठंगुळीला घेतला. फाळ त्यानं हातात धरला होता, तो दर पावलाला माझ्या बरगडीत टोचत होता, आणि तोंड घरापर्यंत चालूच. घरी आईनं आंबेहळद उगाळली आणि उलट त्यालाच झापलं, "दोनदा हाक मारताना जीभ झिजते काय?" तो म्हणाला, "आनि तुमचे कान?" दोघांची अशी जुंपली की मला हसू आवरेना. काकालाही शेवटी हसू आलं. आम्ही तिघं भात जेवलो, आणि मी सवयीनं कागद पुढे ओढला.

बोट ठेवलं तीच ओळ निघाली. पहिली हाक असेल तर नोंद घे आणि परत जा.

मी कपाळावर हात मारला, असा की आई दचकली. अरे देवा! वीज जाताना एकदाच हाक मारते. दुसऱ्यांदा मारायला ती असते कुठं? आणि माझा दारवान बोट वर करून बसला होता, दुसरी हाक येते का ते बघत! साहेबांनी विचारलं होतं ना, कसं सुचलं? हे असं सुचलं होतं. पुण्याच्या, मुंबईच्या कुणा पोराच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यानं पहिल्या हाकेला बेधडक ओ दिली असती. आणि तीन आठवडे मला ती ओळ चुकीची दिसली नाही, कारण माझ्या घरात तीच रीत बरोबर होती.

दुरुस्ती काय करायची तेही समोरच बसलं होतं, घोट्याला हळद लावून. मी लहान असताना पोलादपूरच्या शाळेतून परत यायला तिन्हीसांजा व्हायच्या. पऱ्यापाशी आलो की माझी पाचावर धारण बसायची आणि मी हाक मारायचो. काका पहिल्या हाकेला ओ द्यायचा. रोज. आई ओरडायची, अंगाला काही लागेल म्हणायची. काका म्हणायचा, "आवाज वळखीचा हाय, तर थांबायचं कशाला? पोर भितंय." बस, एवढंच. प्रत्येक हाकेबरोबर हाक मारणाऱ्याचा नंबर यंत्राला मिळतच असतो. मी तो बघत होतो, पण थांबायचं ठरवून झाल्यावर. आधी बघायचं कोण आहे. वीज असेल तर धाव. दुसरं कोणी असेल तर थांब, बघ, दुसऱ्यांदा मारतं का. चार ओळींची अदलाबदल.

ते तसं सुटलं, पण मला त्याचा आनंद होईना. कारण पऱ्यातून आलेला तो आवाज मी ओळखला होता. आईनं नसेल ओळखला, ती आता कमी ऐकायची. मी ओळखला होता. ओळखून गप्प बसलो होतो.

आता पंचाईत अशी की समितीच्या आधी आमच्या गटाला यंत्र मोकळं मिळणार होतं ते फक्त शुक्रवारी दुपारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. मुंबईची गाडी पकडली तरी पोचायला रात्र. आणि काकाचा पाय सकाळी भोपळ्याएवढा झालेला. मग वाडीतल्या चौघांनी घोंगडीची डोली केली आणि त्याला पोलादपूरपर्यंत खाली आणला. डोलीतून तो वाट सांगत होता, जणू त्या चौघांना ठाऊकच नव्हती. तिथून एस.टी.नं आम्ही महाडला. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, काकानं डॉक्टरांच्या सात पिढ्यांची आठवण काढली, हाड शाबूत निघालं. पट्टी बांधून मी त्याला थेट पोस्टात नेऊन बाकावर बसवला आणि मुंबईचा अर्जंट ट्रंककॉल लावला.

दोन तास! समोर घड्याळ, आणि मला त्याच्याकडे बघवेना. यंत्राची वेळ चार वाजता संपणार होती. साडेतीनला नंबर लागला. पलीकडे माझा मित्र.

"सापडलं!" मी ओरडलो. "मी सांगतो ते आकडे लिही आणि समोरच्या बटणांवरून सरळ आत घाल."

आमच्या त्या यंत्राला आठ आणि नऊ ठाऊक नव्हते, सगळा व्यवहार शून्य ते सातमध्ये. मी घसा ताणून सुरू झालो, "शून्य, चार, सात, सात! नाही रे, सात! पाच नाही! शून्य, दोन, एक, सहा..." लाइनीत खरखर इतकी की प्रत्येक आकडा दोनदा सांगावा लागे. मध्येच मागे बघतो तर रांगेतले दोघं पाकिटाच्या पाठीवर माझे आकडे उतरवून घेतायत. खिडकीतले कारकून उठून उभे राहिले. "ओ मिस्टर, इथून मटक्याचे आकडे सांगायचे नाहीत. हे सरकारी पोस्ट आहे."

मी काही बोलायच्या आत बाकावरून गर्जना झाली. "मटका? माजा पुतन्या यंत्रासंगं बोलतोय! त्याला मधी हाकारू नका!"

सगळं पोस्ट चिडीचूप. कारकून बसले. त्या दोघांनी मात्र लिहिणं थांबवलं नाही.

"घातले," मित्र म्हणाला. "गणित चालू केलंय. आता मेन स्विच ओढतो. रिसीव्हर टेबलावर ठेवतोय, तू धरून राहा."

मी रिसीव्हर कानात घुसवला. पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती आणि छापणाऱ्याची टकटक. मग खट्. एकदम सगळं बंद. मधल्या ऑपरेटर बाई म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" मी म्हटलं, "वाढवा हो बाई, वाढवा!" पुन्हा शांतता. माझं वर्ष, माझं टेबल, सगळं त्या शांततेत होतं, आणि मी महाडच्या पोस्टात भिंतीला डोकं टेकून उभा. मग पुन्हा खट्. घरघर हळूहळू चढली. आणि टकटक सुरू झाली. कुणी पहिल्यापासून चालू करतं तेव्हा आधी मथळा छापला जातो, त्याचा आवाज वेगळा, लांबलचक असतो. तो आला नाही. नुसती टकटक, मधूनच, जिथं सोडलं तिथून.

मित्र काय ओरडला ते मला आजही सांगता येणार नाही. मग फोनवर साहेब आले. "शाब्बास. सोमवारी समितीपुढे स्विच तुम्हीच ओढा. त्यानंतर तुमचा कायमचा कागद काढू." आणि मग जरा थांबून, "पण पहिल्या हाकेला उठायचं नाही, हे तुमच्या डोक्यात आलं तरी कुठून हो?"

"घरून, साहेब," मी म्हटलं.

माझा जीव भांड्यात पडला. काकाला धरून एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात नेला आणि दोन चहा सांगितले.

"काय म्हनालं यंत्र?" त्यानं विचारलं.

"ओ दिली, काका."

"कितव्या हाकेला?"

"पहिल्या."

तो खूश झाला. बशीत चहा ओतून त्यानं फुंकर मारली. मी मान खाली घालून म्हटलं, "काका, काल पऱ्यातून तू हाक मारलीस ना... आवाज मी वळखला व्हता."

त्यानं बशीतला चहा संपवला, बशी ठेवली, धोतराच्या सोग्यानं मिशा पुसल्या.

"तू घरात हायस, ठाव व्हतं मला," तो म्हणाला. "म्हनून तर एकच मारली."

मग माझी बशी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "चा निवतोय. पी."